आभासी प्रयोगशाळा : साधन की पळवाट?

१ फेब्रुवारी २०२२ रोजी अंदाजपत्रक मांडताना केंद्रीय अर्थमंत्र्यांनी एक घोषणा केली. येत्या आर्थिक वर्षात विज्ञान व गणित ह्या विषयांच्या ७५० आभासी प्रयोगशाळा आणि कौशल्यशिक्षणासाठी ७५ ई-प्रयोगशाळा उभारल्या जातील, असे त्यांनी सांगितले. ह्या घोषणेची पूर्वतयारी २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच झालेली होती. 'दीक्षा', 'स्वयम्' आणि 'स्वयंप्रभा' ह्या सरकारी मंचांवर आभासी प्रयोगशाळा निर्माण कराव्यात, म्हणजे सर्व विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष हाताने प्रयोग करून शिकण्याची समान संधी लाभेल, असा त्या धोरणाचा आशय आहे. हाताने करावयाचा प्रयोग हात न लावता कसा करावयाचा, हे कोडे धोरणकर्त्यांना पडलेले दिसत नाही. परंतु ज्यांची मुले जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या आणि तुटपुंज्या अनुदानावर तगून राहिलेल्या शाळांत शिकतात, त्यांना ते पडावयास हवे; आणि त्यांच्यात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्याचा छडा लावावयास हवा.

आभासी प्रयोग म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. संगणकाच्या वा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर विद्युत्-घट, तारा व दिवे मांडलेले असतात. विद्यार्थ्याने ते जोडावेत, घट वाढवावेत, दिवा अधिक प्रखर होतो का ते पाहावे. लंबकाची दोरी लांब-आखूड करावी, गोळ्याचे वजन बदलावे, लंबक चंद्रावर वा गुरूवर नेऊन झुलवावा. ज्याला इंग्रजीत सिम्युलेशन म्हणतात ते हेच. चित्रपटाप्रमाणे ते नुसते पाहावयाचे नसते. विद्यार्थी जे बदल करतो त्याला पडदा प्रतिसाद देतो. ह्या साधनाला आमचा विरोध नाही. ह्या साधनाच्या आडून शासन आपल्या एका मूलभूत जबाबदारीतून अंग काढून घेत आहे, त्याला आमचा विरोध आहे. ह्या दोन गोष्टींची गल्लत सरकारपक्षाचे लोक जाणूनबुजून करतात आणि आपल्यापैकी काही जण नकळत करतात. म्हणून हा विषय थोडा विस्ताराने मांडणे आवश्यक वाटते.

साधनाचे गुण मान्यच

ह्या क्षेत्रातील जगभर सर्वाधिक वापरला जाणारा उपक्रम म्हणजे अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाचा 'फेट'. २००१ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळवणारे कार्ल वीमन यांनी २००२ साली तो सुरू केला. त्यातील आभासी प्रयोग कोणालाही विनामूल्य वापरता येतात, अनेक भाषांत, आणि काही प्रमाणात मराठीतही, उपलब्ध आहेत. आपल्याकडे अमृता विश्वविद्यापीठ व सी-डॅक यांनी केंद्र सरकारच्या साहाय्याने नववी ते बारावीसाठी 'ओलॅब्स' तयार केली आहे. हे काम प्रामाणिकपणे केलेले आहे, आणि त्याची टवाळी करणे योग्य नव्हे.

खऱ्या प्रयोगशाळेत जे कधीच दिसणार नाही ते येथे दिसते. बंद भांड्यातील वायूचे रेणू तापमान वाढताच कसे धावू लागतात, तारेतून इलेक्ट्रॉन कसे सरकतात, घर्षण शून्य असते तर काय झाले असते, हे कोणत्याही शाळेला काचेच्या नळ्यांतून दाखवता येणार नाही. घटाची दोन्ही टोके सरळ तारेने जोडली तर पडद्यावर ज्वाळा उठतात, मुलांचे हात मात्र भाजत नाहीत. गणितातही तेच. त्रिकोणाचा एक शिरोबिंदू धरून ओढावा, त्रिकोण हवा तसा वाकडातिकडा करावा, तिन्ही कोनांची बेरीज मात्र १८० अंशांवरून हलत नाही. फळ्यावर एकच त्रिकोण काढून जे सांगावे लागत असे, ते विद्यार्थी शंभर त्रिकोणांवर तपासू शकतो.

आमच्या प्रतिपक्षाच्या भात्यातील सर्वांत टोकदार बाणही आपण लपवून ठेवू नये. कोलोरॅडो विद्यापीठातच २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पदार्थविज्ञानाच्या प्राथमिक अभ्यासक्रमातील विद्यार्थ्यांचे दोन गट करण्यात आले. एका गटाने विद्युत्-मंडले खऱ्या तारा व दिवे घेऊन अभ्यासली, दुसऱ्याने पडद्यावर. पुढे परीक्षेत पडद्यावर शिकलेल्यांना संकल्पना अधिक चांगल्या समजल्याचे दिसले; एवढेच नव्हे, तर खरे विद्युत्-मंडल जोडून त्याचे कार्य समजावून सांगण्यातही ते सरस ठरले. आभासी प्रयोगशाळांचे पुरस्कर्ते ह्या निष्कर्षाचा दाखला देतात, आणि दाखला खोटा नाही.

परंतु त्या प्रयोगात काय होते आणि काय नव्हते, हे नीट पाहावे. ते विद्यार्थी महाविद्यालयीन होते. त्यांच्याजवळ मार्गदर्शक होते, विचारपूर्वक बेतलेला पाठ होता, आणि खरी उपकरणे त्याच इमारतीत होती. म्हणूनच तर शेवटी खरे मंडल जोडून त्यांची परीक्षा घेता आली. तुलना झाली ती दोन सुसज्ज वर्गांची. जेथे प्रयोगशाळेचे कपाट दहा वर्षे उघडलेले नाही आणि विज्ञानाचा शिक्षक एकाच वेळी तीन वर्ग सांभाळतो, अशा शाळेत पडदा नेऊन ठेवला तर काय होईल, ह्या प्रश्नाचे उत्तर त्या अभ्यासात नाही. आणि अभ्यासकांचा निष्कर्षही सशर्त आहे : आभासी प्रयोग योग्य रीतीने बनवलेला असावा आणि योग्य संदर्भात वापरलेला असावा. आपल्या अंदाजपत्रकाने अभ्यासाचा निष्कर्ष तेवढा उचलला आणि अटी तेथेच सोडून दिल्या.

पडद्यावर काय घडत नाही

लंबकाचे उदाहरण घेऊ. एक मीटर दोरीला दगड बांधून कडुनिंबाच्या फांदीला लटकवला, तर एका आंदोलनाला सुमारे दोन सेकंद लागतात. वीस आंदोलनांना चाळीस. पण वर्गाचे चार गट पाडून मोजावयास सांगा. एका गटाचे उत्तर अडतीस येईल, एकाचे चाळीस, एकाचे त्रेचाळीस. मग भांडण सुरू होते. अडतीसवाल्यांनी दगड सोडतानाच 'एक' म्हटलेले असते. म्हणजे त्यांची वीस आंदोलने वास्तविक एकोणीसच भरतात. त्रेचाळीसवाल्यांनी दोरी गाठीपर्यंत मोजली, दगडाच्या मध्यापर्यंत मोजली नाही. त्यांचा लंबक त्यांना वाटतो त्याहून लांब आहे. ही चूक कोठे झाली ते मुलांनी स्वतः शोधून काढले, की त्यांचे विज्ञान खऱ्या अर्थाने सुरू झाले. मोजणे म्हणजे काय, पुरावा कशाला म्हणावे, दुसऱ्याचे उत्तर वेगळे आले तर त्याला खोटा ठरवण्याआधी आपली दोरी पुन्हा का मोजावी, हे सारे त्या अर्ध्या तासात येते.

पडद्यावरचा लंबक हे भांडण होऊच देत नाही. तो सूत्राप्रमाणे झुलतो, कारण ते सूत्र त्याच्या पोटात कोणीतरी आधीच लिहून ठेवलेले असते. विद्यार्थ्याला वाटते की आपण निसर्गाला प्रश्न विचारला; प्रत्यक्षात त्याने आज्ञावली लिहिणाऱ्याला प्रश्न विचारलेला असतो. उत्तर बहुधा बरोबरच असते. पण ते बरोबर आहे की नाही हे ठरवण्याचे कोणतेही साधन विद्यार्थ्याच्या हाती नसते. पाठ्यपुस्तकावर विश्वास ठेवावा तसाच त्याने पडद्यावर विश्वास ठेवावयाचा. फरक एवढाच की पुस्तकातले चित्र हलत नाही, हे हलते. गणितात तर धोका अधिक सूक्ष्म आहे. शंभर त्रिकोण ओढून पाहिले म्हणजे प्रमेय सिद्ध झाले असे नाही. समांतर रेषा काढून ती बेरीज १८० अंशच का असली पाहिजे, हे दाखवावे लागते. पडदा शंका निर्माण करू शकतो, तिचे निरसन मात्र वहीवरच होते. आणि त्यासाठी शिक्षक लागतो.

ह्या मुद्द्याचे महत्त्व आपल्या चळवळीतील कार्यकर्त्यांना तरी सांगावयास नको. पाणी शिंपडताच पेटणारा नारळ हा बाबाच्या मंत्राचा नसून आत दडवलेल्या सोडियमचा गुण आहे, हे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव कसे पटवून देतात? देवळापुढच्या पारावर, सर्वांच्या डोळ्यांसमोर, गावातल्याच एखाद्याला पुढे बोलावून. तोच नारळ त्यांनी पडद्यावर पेटवून दाखवला, तर त्यावर कोण विश्वास ठेवील? पडद्यावर काय वाटेल ते पेटवता येते. आज तर कोणाचाही चेहरा व कोणाचाही आवाज वापरून न घडलेली घटना घडल्यासारखी दाखवण्याची यंत्रे प्रत्येकाच्या खिशात आली आहेत. अशा काळात पडद्याबाहेर जाऊन स्वतः पडताळून पाहण्याची सवय ही मुलाच्या हाती देण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट होय. वैज्ञानिक दृष्टिकोन व चिकित्सक वृत्ती जोपासणे हे राज्यघटनेच्या ५१ अ कलमाने नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. ज्या मुलाने आयुष्यात एकदाही स्वतःच्या हाताने काही मोजले नाही, त्याच्याकडून ह्या कर्तव्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची?

समान संधीचा देखावा

आता 'समान संधी' ह्या शब्दांकडे वळू. केंद्र सरकारच्याच २०२४-२५ च्या 'यूडायस प्लस' अहवालानुसार देशातील ६४.७ टक्के शाळांत संगणकाची आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेटची सोय आहे. म्हणजे एक-तृतीयांशाहून अधिक शाळांच्या उंबरठ्यावरच ही समान संधी अडते. उरलेल्या शाळांतही 'सोय आहे' ह्या नोंदीचा अर्थ काय असतो, हे खेड्यापाड्यांत हिंडणाऱ्यास ठाऊक आहे. संगणक डेडस्टॉकच्या नोंदवहीत असतो, खोलीला कुलूप असते, आणि किल्ली ज्यांच्याजवळ असते ते गुरुजी मतदारयाद्यांच्या कामावर गेलेले असतात. कुलूप उघडलेच, तरी एका पडद्यासमोर पन्नास मुले बसतात. विद्यार्थी स्वतः बदल करतो आणि पडदा उत्तर देतो, हा ह्या साधनाचा प्राण. तो तेथेच निघून जातो. उरतो तो चित्रपट.

उलट शहरातील संपन्न शाळेत काय घडते? तेथे सुसज्ज प्रयोगशाळा आहे, प्रयोगशाळा सहायक आहे, प्रत्येक मुलाच्या हाती संगणक आहे. तेथील मूल आधी पडद्यावर विद्युत्-मंडल जोडून पाहते, मग टेबलावर जोडते, आणि दोहोंत फरक का पडला ते शिक्षकांना विचारते. ह्या साधनाचा हाच योग्य उपयोग आहे, आणि तो ज्यांना परवडतो त्यांच्यापुरताच राखून ठेवलेला आहे. एकाला प्रयोगशाळा अधिक पडदा; दुसऱ्याला प्रयोगशाळेऐवजी पडदा. ह्यालाच समान संधी म्हणावयाचे, तर विषमता कशाला म्हणावे?

ही वाटणी नवी नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे साक्ष देताना जोतीराव फुल्यांनी हाच हिशेब मांडला होता : महसूल रयतेच्या घामातून यावयाचा आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरिष्ठ वर्गांच्या पदरात पडावयाचा. कोठारी आयोगाने १९६६ साली सर्वांसाठी समान शाळापद्धतीचा आग्रह धरला आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी असे सांगितले. ते सहा टक्के २०२० च्या धोरणातही पुन्हा उद्दिष्ट म्हणूनच लिहावे लागले, ह्यातच सर्व काही आले. जेथे पैसा द्यावयाचा नसतो तेथे तंत्रज्ञान देण्याची भाषा सुरू होते. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार पुढे आणला, तेव्हाही मोठ्या शाळेत मिळणाऱ्या आधुनिक सुविधांचेच गुणगान ऐकू येत होते. उद्या वाडीवस्तीवरील विज्ञानशिक्षकाची जागा न भरण्यास आभासी प्रयोगशाळा हे कारण पुढे केले गेले, तर आश्चर्य वाटून घेऊ नये.

मालकी कोणाची?

दुसरा प्रश्न मालकीचा. ऑस्ट्रियातील साल्झबर्ग विद्यापीठाचा एक विद्यार्थी, मार्कुस होहेनवार्टर, याने २००१ च्या सुमारास आपल्या पदव्युत्तर प्रबंधासाठी 'जिओजेब्रा' ही आज्ञावली लिहावयास घेतली. वर सांगितलेला ओढता येणारा त्रिकोण हे तिचेच काम. ती विनामूल्य होती. जगभरच्या गणितशिक्षकांनी आपापल्या वर्गासाठी तयार केलेले लक्षावधी पाठ त्यात घातले, आपापल्या भाषांत तिची भाषांतरे केली. ह्या सामुदायिक श्रमातून उभी राहिलेली ती संस्था डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या देशातील 'बायजूज' ह्या कंपनीने विकत घेतली. वापर विनामूल्य राहील असे त्या वेळी सांगण्यात आले, आणि शिक्षकांपुढे तो बंद झाला असेही नाही. पण जुलै २०२४ मध्ये ती कंपनीच दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. २०२२ साली जिचे मोल बावीस अब्ज डॉलर सांगितले जात होते, तिची ही गत. जिच्यावर हजारो शाळांचे गणित चालते ती आज्ञावली अशा रीतीने बाजाराच्या चढउतारात ओढली जावी, हे ज्या शिक्षकांनी ती समृद्ध केली त्यांना विचारून घडले नव्हते.

आणखी एक उदाहरण. 'फेट'चे जुने आभासी प्रयोग बऱ्याच अंशी 'फ्लॅश' व 'जावा' ह्या तंत्रांवर चालत. फ्लॅश ही ॲडोबी कंपनीची मालमत्ता. कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी तिला मूठमाती दिली आणि त्यावर उभे असलेले जगभरचे शैक्षणिक साहित्य निरुपयोगी झाले. 'फेट'जवळ विद्यापीठाचे बळ होते, म्हणून त्यांनी एकेक प्रयोग खुल्या तंत्रात नव्याने लिहून काढला. ज्यांच्याजवळ ते बळ नव्हते त्यांचे श्रम वाया गेले. लाकडी मोजपट्टी आणि लंबकाची दोरी अशा रीतीने एका रात्रीत निकामी होत नाही.

ह्यावरून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. सार्वजनिक पैशाने तयार होणारे प्रत्येक आभासी साहित्य सार्वजनिक मालकीचे असले पाहिजे. त्याची आज्ञावली खुली असावी, शिक्षकांना ती बदलता यावी, आणि इंटरनेटशिवाय ती शाळेच्या संगणकावर चालावी. हे शक्य आहे. 'फेट'चे प्रयोग उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय चालवता येतातच.

होशंगाबादचा धडा

प्रयोगशाळा खर्चिक असतात, प्रत्येक शाळेला त्या देणे देशाला परवडणारे नाही, असा युक्तिवाद शेवटी केला जातो. त्यास आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशाने तीस वर्षे उत्तर दिले आहे. १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर ह्या संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा सरकारी शाळांत, सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू केला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील व दिल्ली विद्यापीठातील वैज्ञानिक त्यात उतरले. पुढे तो सर्व जिल्हाभर पसरला आणि १९८२ पासून 'एकलव्य' ह्या संस्थेने तो चालवला. मुले गटागटाने बसत, स्वस्त साहित्यातून प्रयोग करीत, निरीक्षणे स्वतःच्या शब्दांत लिहीत. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती, कारण पाठांतर तपासावयाचेच नव्हते. अरविंद गुप्तांची आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे जोडून केलेली भूमितीची खेळणी ह्याच वातावरणात जन्मली. पुढे पुण्याच्या 'आयुका'तील त्यांच्या कामामुळे महाराष्ट्रातील कितीतरी शिक्षकांना ती परिचित झाली.

हा कार्यक्रम चालू शकला तो साहित्याच्या पेटीमुळे नव्हे, तर शिक्षकांच्या सततच्या प्रशिक्षणामुळे आणि महिन्यामहिन्याला एकत्र बसून अडचणी सोडवण्याच्या पद्धतीमुळे. २००२ साली राज्य शासनाने तो बंद केला. पैसा नाही म्हणून खेड्यातल्या मुलांना प्रयोग मिळत नाहीत, हे विधान ह्या इतिहासापुढे टिकत नाही. चालू असलेले प्रयोग शासनाच्या एका आदेशाने बंद पडले, हे खरे वास्तव आहे.

आपण काय मागावे?

आपल्यापैकी काही मित्र म्हणतील, मग ह्या पडद्याच्या भानगडीतच कशाला पडावयाचे? आमची मुले खडू-फळ्यावरच बरी. ही भूमिका भाबडी आहे, आणि तिची किंमत गरिबांच्याच मुलांना मोजावी लागेल. छापखाना आला तेव्हा पोथीवाल्यांनी असेच नाक मुरडले होते; फुल्यांनी तसे केले नाही. वायूचे रेणू धावताना पाहण्याचा हक्क ऊसतोड कामगाराच्या मुलीलाही आहे. मात्र तो तिला लंबकाच्या दोरीच्या मोबदल्यात नको आहे.

म्हणून पुढील मागण्या घेऊन आपण लोकांपुढे गेले पाहिजे. शाळेची मान्यता व तपासणी यांत आभासी प्रयोगशाळा ही प्रयोगशाळा म्हणून मोजली जाऊ नये, आणि प्रात्यक्षिक परीक्षेत पडद्यावरचा प्रयोग खऱ्या प्रयोगाच्या जागी चालू नये. प्रत्येक माध्यमिक शाळेस चालू स्थितीतील प्रयोगशाळा, दरवर्षी संपणाऱ्या साहित्यासाठी स्वतंत्र अनुदान आणि प्रयोगशाळा सहायकाची भरलेली जागा मिळावी. आभासी साहित्य सार्वजनिक मालकीचे, चांगल्या मराठीत आणि इंटरनेटविना चालणारे असावे. त्याची भाषा ठरवताना वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकांना सामावून घ्यावे. आणि ते वापरावे कसे, खऱ्या प्रयोगाच्या आधी केव्हा आणि नंतर केव्हा, ह्याचे प्रशिक्षण शिक्षकांना त्यांच्या कामाच्या वेळेत मिळावे.

ह्या मागण्या निवेदनात लिहून तहसील कचेरीत देऊन येणे पुरेसे नाही. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचे बहुमत असते, आणि त्या पालकांत आपले लोक आहेत. समितीच्या पुढच्या बैठकीत त्यांनी प्रयोगशाळेचे कपाट उघडून दाखवावयास सांगावे, डेडस्टॉकची नोंदवही मागावी, आणि मुख्याध्यापकांना आदराने एकच प्रश्न विचारावा : ह्या वर्षी आठवीच्या मुलांनी स्वतःच्या हाताने कोणता प्रयोग केला? बहुतेक ठिकाणी मुख्याध्यापकही आपल्याच बाजूचे निघतील, कारण रिकाम्या कपाटाची खंत त्यांनाही आहे. त्यांची उत्तरे तालुक्यावार गोळा करावीत आणि शिक्षणाधिकाऱ्यांसमोर ठेवावीत. साडेसातशे आभासी प्रयोगशाळांची घोषणा करणाऱ्यांना खऱ्या प्रयोगशाळांचा हिशेब विचारण्यासाठी एवढी सामग्री हाती असली पाहिजे.